काशीरामशेठच्या उजव्या चाकाचा मान

काशीराम हे माझे धाकटे दीर. आमचे घर नेऱ्याच्या रस्त्यालगत आहे आणि गावात त्यांना सर्वजण शेठ म्हणतात. साक्षरता वर्गाच्या बाईंनी परिचयातील एका व्यक्तीचे चरित्र लिहावयास सांगितले, तेव्हा मी त्यांचीच निवड केली. सामान्य माणसाच्या अंगी आदरातिथ्याचा गुण किती वाढू शकतो, हे मला त्यांच्याइतके कोणीही दाखवलेले नाही.

शेठना कोणतीही गोष्ट एकट्याने करणे आवडत नाही. अंगणात बोअरवेल खणली, तेव्हा पहिले बटण कोणी दाबावे याचा निर्णय होईपर्यंत आम्ही शेजारून पाणी आणत होतो. नवा फ्रीज आला, तेव्हा माजी सरपंच विठूशेठ यांच्या हस्ते फीत कापून त्याचे दार उघडण्यात आले. आत काहीही नव्हते, तरीही टाळ्या झाल्या. असा मान दिल्यानंतर मान घेणाऱ्यास आणि त्याच्यासोबत आलेल्या सर्वांस चहा द्यावा लागतो. तो चहा शेठची पत्नी, म्हणजे माझी धाकटी जाऊ सुनंदा करते.

सुनंदाची आयुष्यात एकच इच्छा होती. ती मला नेहमी म्हणे, "बाय, मला एक रात अशा जागी काढायची हाय, जिथं कोन पाव्हना येनार नाय." हळदी, बारशी आणि बाराव्याची जेवणे यांसाठी ती पुष्कळ गावी गेली होती. परंतु सर्व ठिकाणी तिच्या हाती पातेलेच आले.

शेठचे मन वाईट नाही. तिची इच्छा कानावर पडताच त्यांनी गाडीमागे जोडून ओढावयाचे, दोन चाकांचे एक छोटे घर विकत आणले. त्यात तीन बिछाने आणि एक शेगडी आहे.

"हे घेऊन आपुन नागावला समुद्रावर जाऊ," ते सुनंदाला म्हणाले. "तू, मी आनि वयनी."

"वयनी कशाला?" मीच विचारले.

"मग मी बोलू कोनाशी?"

घर जोडून देणाऱ्या कारागिराने एक नियम सांगितला होता. निघण्यापूर्वी, चाके थंड असताना, हवा मोजावी. ती पासष्ट पौंड असावी. कमी हवेवर ओझे ओढले तर रबर तापून फुटते. हा नियम शेठना तोंडपाठ झाला. त्यांनी हवा मोजण्याचे एक चकचकीत यंत्र आणले आणि ते देव्हाऱ्याशेजारी ठेवले.

त्यानंतर ते घर वर्षभर अंगणातच उभे राहिले. कारण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास हवा मोजण्याचा मान मिळू लागला. पाहुणा यंत्र लावी, सुस्स असा आवाज होई, शेठ आकडा मोठ्याने वाचत आणि आत सुनंदा आधण ठेवी. हवा उतरली की शेठ ती पुन्हा भरून घेत, म्हणजे दुसऱ्या पाहुण्यास मोजता येई. चाके अंगणातून हलली नाहीत आणि समुद्रही जागच्या जागी राहिला.

शेवटी सुनंदाने सांगून टाकले, "ह्या रविवारी निगालो नाय, तर मी चहाची पावडर विहिरीत टाकीन."

शेठ घाबरले आणि तयारीस लागले. तयारी म्हणजे मांडव आणि ध्वनिक्षेपक. चाकांखाली लिंबे ठेवण्यात आली. उजवे चाक रस्त्याच्या बाजूला होते आणि डावे गोठ्याच्या भिंतीकडे, म्हणून सर्व मानकऱ्यांनी उजव्या चाकाचीच हवा मोजावी असे ठरले. गोठ्यासमोर छायाचित्र चांगले येत नाही.

पहिला मान तरुण नेते सत्यजीत यांना मिळाला. पासष्ट भरली. मात्र छायाचित्र निघेपर्यंत ते यंत्र तिरपे धरून हसत राहिले आणि चाक तेवढा वेळ सुस्कारे टाकत राहिले. त्यांच्यानंतर विठूशेठ वाकले. मंडळाचा अध्यक्ष प्रितम हाती ध्वनिक्षेपक घेऊन आकडे जाहीर करीत होता. त्याने यंत्रात पाहिले आणि आवाज खाली आणला.

"शेठ, एकसष्ट दाकवतंय."

"त्या पोराला पासष्ट आनि मला एकसष्ट?" विठूशेठ वाकलेलेच म्हणाले. "मी पंदरा वर्सं सरपंच होतो!"

"पासष्ट!" प्रितमने सर्व गावास ऐकवले. टाळ्या झाल्या.

त्यानंतर कोणालाही पासष्टपेक्षा कमी देणे शक्य नव्हते. ज्याने त्याने आपल्या प्रतिष्ठेनुसार यंत्र दाबून धरले आणि प्रितमने सर्वांना समान न्याय दिला. स्वयंपाकघरात सुनंदा मोठ्या टोपात चहा ढवळत होती. "बाय, निगायचं कदी?" एवढेच ती विचारत होती.

आम्ही निघालो तेव्हा ऊन चढले होते. पनवेल मागे पडल्यावर गाडी उजवीकडे ओढू लागली. मी मागे वळून पाहिले, तर आमचे घर मानकऱ्यांसारखेच एका बाजूला वाकले होते. शिरढोणजवळ रबराचा वास आला, तेव्हा शेठने गाडी एका पंपावर घेतली. उजव्या चाकाचे पोट जमिनीला टेकत होते. हात लावताच चटका बसला.

शेठने यंत्र लावले. बेचाळीस.

"आनि हे गरम चाकाचं हाय," ते पडेल आवाजात म्हणाले. "गरम असलं का जास्त दाकवतं. खरी हवा त्याहून कमी." हा धडा त्यांनी कितीतरी पाहुण्यांना शिकवला होता.

"मग थंड होऊ द्या आनि भरा," सुनंदा म्हणाली.

"भरू कशी? सगळ्या गावासमोर मानसांनी पासष्ट मोजली. हितं कोनी भरताना बगितलं, तर विठूशेठला काय तोंड दाकवू? त्यापेक्षा हळूहळू परत जाऊ. पुन्ना बोलवू सगळ्यांना. नव्यानं कार्यक्रम करू."

"आनि नव्यानं चहा."

शेठ यंत्र पुसू लागले.

"तुमी जा," सुनंदा म्हणाली. "सगळ्या मानकऱ्यांना हितं घेऊन या. तवर मी आत हाय." ती त्या घरात शिरली आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.

तेवढ्यात पंपाचे मालक झकेरियाभाई बाहेर आले. त्यांची व शेठची जुनी ओळख आहे.

"माशाअल्ला, शेठ! घरच घेऊन फिरताय? आतून बघू तरी. भाभींच्या हातची चाय पाजा."

"या, या…" शेठच्या तोंडून सवयीने निघाले. त्यांचा हात दाराकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"आज चहा नाय, झकेरियाभाय," ते म्हणाले. "मानूस झोपलंय आत."

"मग हाक मारा की!"

"नाय मारनार."

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा काशीराम शाळेत जात होते. त्यांच्या तोंडून पाहुण्यास नकार गेल्याचे मी प्रथमच ऐकले. झकेरियाभाई मोठ्याने हसले. त्यांनी आपल्याच माणसाकडून चहा मागवला आणि शेठ व मी दोघांनी तो पाहुणे म्हणून घेतला.

चाक गार होईपर्यंत शेठ त्याच्याजवळ उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी त्यावरून हात फिरवून कोठे फुगवटा वा चीर नाही ना हे पाहिले. पंपाची नळी लावून पासष्ट भरली आणि स्वतः एकदाच मोजली. डावे चाकही मोजले. त्याला कोणीही मान दिला नव्हता, त्यामुळे ते ठणठणीत होते.

"शेठ, तो काटा जरा धरून बसा, फोटो काढतो," झकेरियाभाई म्हणाले.

"नको. धरलं का हवा जाते."

मग त्यांनी दारावर बोटाने हळूच टकटक केली. सुनंदा बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर उशीची घडी उमटली होती.

"बोलनं आयकू येत होतं. कोन आलतं?" तिने विचारले.

शेठने झकेरियाभाईंकडे पाहिले. झकेरियाभाई रिकामा पेला उचलून आपल्या केबिनकडे चालू लागले.

"कोन नाय," शेठ म्हणाले.

सुनंदा पुढच्या आसनावर जाऊन बसली आणि तिने पट्टा लावला.