सुहासिनीकाकूंचा बसथांबा

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या सुहासिनीकाकू पेंढारकरांनी उमेदीची सगळी वर्षं स्वतः गाडी चालवली. प्रयोगशाळेतली नोकरी, मुलीचे पोहण्याचे क्लास, नवऱ्याच्या शेवटच्या आजारातल्या हॉस्पिटलच्या फेऱ्या, सगळं त्यांनी एकहाती केलं. मग डोळ्यांत दोष निघाला, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, आणि ज्या बाईने कधी शेजारी वाटीभर साखर मागितली नव्हती, तिला कोथिंबिरीच्या जुडीसाठी लोकांची मनधरणी करायची वेळ आली.

त्यामुळे सरकारने पैसा मंजूर करून गावात नवी बस आणली आणि तिचा एक थांबा, छप्पर-बाकासकट, थेट काकूंच्या गल्लीच्या तोंडाशी उभा केला, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. "इतकी वर्षं टॅक्स भरला, तो डोळ्यांनी पहिल्यांदा बघितला गं," असं त्यांनी शिकागोच्या मुलीला फोनवर सांगितलं.

पण आपली माणसं! काकू थांब्यावर जाऊन बसल्या, की बस यायच्या आत एखादी मराठी गाडी ब्रेक लावायचीच.

"काकू, बस कशाला? मी त्याच साइडला चाललोय, या, बसा!"

हा राजीव. समोरच्या टाउनहाउसमधला, आयटीतला, सोन्यासारखा मुलगा. तो नसला तर त्याची बायको अनया, तीही नसली तर तिथल्या मराठी मंडळातलं कुणी ना कुणी. वडीलधाऱ्या बाईला रस्त्यावर बसवून आपण गाडीतून पुढे जायचं म्हणजे आपल्याकडे महापापच की! काकूंनी 'नको रे' म्हटलं, की समोरचा चेहरा एवढासा व्हायचा. मग त्या निमूट आत बसायच्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. लायब्ररीत एखादं पुस्तक हातात घ्यावं, तोवर राजीवचा मेसेज हजर: 'काकू, झालं का? बाहेर थांबलोय.' आणि बस बिचारी रिकामी येऊन रिकामी जायची.

व्हायचं तेच झालं. थांब्यावर नोटीस लागली. इथे कुणी चढतच नाही, तेव्हा थांबा बंद करायचा विचार आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर टाउन हॉलमध्ये यावं.

त्या गेल्या. अर्थात राजीवच्या गाडीतून. उभं राहून त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की या बसशिवाय त्यांचं चालणार नाही. समोर बसलेल्या अधिकारी बाईंनी अगदी आदबीने विचारलं, "आज आपण कशा आलात?"

खोटं बोलणं काकूंच्या रक्तात नव्हतं. "या माझ्या शेजाऱ्याने आणलं," त्या म्हणाल्या. सभागृह हसलं. राजीवचे कान लाल झाले.

काकू मात्र हसल्या नाहीत. "ही मुलं मला फार जपतात. त्यांचं मन मला मोडवत नाही, म्हणून तुमची बस रिकामी जाते. चूक माझी आहे. पण दुसऱ्याच्या गाडीत बसलं, की मी त्याच्या वेळेने निघते आणि त्याच्या वेळेने परतते. मला माझ्या वेळेने जायचंय."

उन्हाळ्यापर्यंत थांबा ठेवून बघू, असं ठरलं. घरी येताना राजीव म्हणाला, "काकू, आधी सांगायचं ना यार."

"कसं सांगणार? तू इतक्या मायेने दार उघडायचास!"

दुसऱ्या दिवशी काकू थांब्यावर बसल्या होत्या. राजीवची गाडी सवयीने हळू झाली, काच खाली आली. त्याने काकूंकडे पाहिलं, हात हलवला आणि गेला. काकूंना भरून आलं. त्या मुलावर त्यांचा इतका जीव याआधी कधी जडला नव्हता.

बस आली. त्या चढल्या. लायब्ररी आली, पण उतरावंसं वाटेना, तेव्हा उतरल्या नाहीत. पुढे तळ्यापाशी उतरून पाण्याकाठच्या बाकावर टेकल्या. बदकं बघितली, पर्समधली शेंगदाण्याची वडी खाल्ली. फोन वाजला नाही. परतीची बस येताना दिसली, पण ऊन छान पडलं होतं. काकूंनी ती जाऊ दिली. मागून दुसरी येणारच होती.