सुताच्या पेटीतली अंडी

माघातलं कोरडं वारं वडगावच्या गल्लीतनं सकाळपासनंच शिट्ट्या घालत होतं. असलं वारं सुटलं की मागावरचं सूत कुरकुरीत होतं आणि पटापट तुटतं. म्हणून महादेवनं पोती बादलीत बुडवून खिडक्यांना टांगली, मागाखालच्या फरशीवर पाणी शिंपडलं आणि मगच बटण दाबलं. माग खडखडायला लागला. त्या खडखडाटात शेजारचं बोलणं ऐकू येत नसे, आणि महादेवला ते बरंच वाटे. शेजारी त्याचा सख्खा धाकटा भाऊ अमृत राहायचा.

महादेवचं तसं कुणाशीच पटलं नाही. माग दुरुस्त करायला आलेल्या जॉबरला त्यानं शिव्या घालून हाकललं होतं. लग्नात जेवायला बसला तर आमटीला नावं ठेवून अर्ध्यावर उठायचा. पण हात असा, की मोडकी वस्तू त्याच्याखालनं गेली की चालायला लागायची. म्हणून लोक बोलणी खाऊन का होईना, दारात यायचे. विकतच्या वस्तूचा मात्र त्याला संतापच. अमृत कारखान्यात नोकरीला, त्याच्या घरात सगळंच विकतचं.

त्या सकाळी कडोलीहून त्यांची थोरली बहीण अक्काताई आली. टोपलीत कोंडा, कोंड्यात अंडी. सासूच्या वेळेपासनं जपलेल्या तिच्या कबऱ्या गावरान कोंबड्या मानमोडीनं आठवड्यात आडव्या झाल्या होत्या. रोग यायच्या आधीची ही अंडी तेवढी उरलेली. अंड्यांवर खुडूक बसवायला गावात कोंबडी नव्हती. ही फुटली नाहीत तर ती जात संपली.

महादेवनं माग थांबवला. सुताची जुनी लाकडी पेटी पुढं ओढली. आत अंडी उबवायला त्यानंच बसवलेले दोन बल्ब, ऊब वाढली की आपोआप विझणारे; वर काचेचा तुकडा.

"सगळी ह्यात ठेव, आक्का."

"निम्मी अमृतकडं देणार हाय."

"त्याच्या त्या उबवायच्या डब्यात? डबा आलाय चीनमधनं. त्याला कडोलीची कोंबडी काय म्हाईत?"

"आणि तुझ्या पेटीला म्हाईत हाय व्हय?"

परसाच्या मधल्या भिंतीवरनं अमृतचं डोकं वर आलं. "अण्णा, गेल्या वर्षापासनं सांगतोय, मशीन घे. ऊब बघतंय, ओल बघतंय, अंडी फिरवतंय. समदं आपोआप."

"मग अंडी बी आपोआप घालाय सांग त्याला."

अक्काताईनं दोघांकडंही बघितलं नाही. अंडी निम्मीनिम्मी केली, प्रत्येकावर कोळशानं फुली मारली आणि एसटीला निघून गेली. महादेवला ते निम्मं करणं थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

त्यानं पेटी मागाशेजारीच ठेवली. वारं काही थांबेना. सूत तुटायला लागलं तसं त्यानं खिडकीच्या पोत्यांबरोबर पेटीतही एक ओलं पोतं घातलं, रोज भिजवून. ओल असली की काही तुटत नाही, हे त्याला बापानं शिकवलेलं, आणि त्यावर त्याची तीस वर्षं निघालेली.

"काचंला आतनं घाम सुटलाय," बायको मंगल एकदा म्हणाली. "लई ओल झाली वाटतं."

"तू भाकरी बघ."

मग एक दिवस दुपारभर वीज गेली. पेटीचं लाकूड जाड, त्यात महादेवनं गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, ऊब टिकली. अमृतच्या मशीनचं पातळ प्लॅस्टिक बघता बघता गार पडलं. त्याची बायको मंजुश्री दारात आली. "भावजी, घरात गॅस संपलाय. जरा गरम पाणी द्या."

"का? आपोआप हुईत न्हाय?" म्हणून महादेवनं दार लावलं. मंगलनं परसातनं भिंतीवरनं बाटल्या दिल्या ते त्याला कळलं, आणि रात्री तो न जेवता झोपला.

अंडी फुटायच्या दिवशी भिंतीपलीकडनं चिवचिव सुरू झाली. महादेवच्या पेटीतल्या अंड्यांना आतनं चोची लागल्या, एकेक भोक पडलं, आणि सगळं तिथंच थांबलं. दुपार झाली. भोकांतली हालचाल मंद होत गेली. कडोलीहून आलेली अक्काताई पेटीपुढं उकिडवी बसली. न बोलावता अमृतही आत आला.

"फोडाय लागतील, अण्णा. आत चिकटल्यात."

"अंड्याला हात लावू ने. आपली म्हातारी आई काय सांगायची?"

"ती कोंबडीखालच्या अंड्याचं सांगायची," अक्काताई म्हणाली. "सूत सोडवतोस त्या बोटांनी सोडव. न्हायतर मी फोडते, आणि माझ्या हातनं मेली तर तुझ्या नावानं खडे फोडीन."

महादेवनं पहिलं अंडं घेतलं. नखानं कवच सोललं. आतनं पाणी ओघळलं. पिल्लू पुरं वाढलेलं, पिसांसकट, बुडून मेलेलं. दुसरंही तसंच. त्याची नजर पेटीतल्या पोत्यावर गेली आणि तिथंच राहिली.

अमृतनं ते पोतं उचलून पिळलं. धार लागली. "अंडी उबवत होतास का साडी इणत होतास?"

"गप रं."

"आक्काच्या कोंबड्यांची निम्मी जात बुडवलीस, आणि मला गप म्हणतोस."

महादेवनं तिसरं अंडं घेतलं. पातळ पापुद्रा तो धागा सोडवावा तसा बाजूला करत गेला, रक्ताची शीर दिसली की थांबून. उरलेल्या अंड्यांतनं दोनच पिल्लं जिवंत निघाली, ओली, केविलवाणी. बाकी गेली. अमृतच्या मशीनमधलीही गारठ्यानं थोडी गेली होती, पण त्याच्याकडं टोपलीभर होती.

अक्काताईनं महादेवची दोन त्यांत टाकली.

"फुडच्या टायमाला समदी अमृतकडं देणार."

"दे. आणि वीज गेली की माझ्या दारात पाण्याला कुणी येऊ नगा."

"येत न्हाय," अमृत म्हणाला. "इन्व्हर्टर घेतोय."

"घे. विकतच घे."

अक्काताई टोपलीवर पदर धरून बाहेर पडली. चहाला थांबली नाही. मंगलनं फुटकी कवचं सुपात भरली आणि नवऱ्याकडं न बघता परसात नेली.

मागावरचं ताण्याच्या सुताचं बीम सकाळीच संपलं होतं. नव्या बीमाची हजारो टोकं जुन्या टोकांना जोडायची राहिली होती. महादेव मागापुढं मांडी घालून बसला, धागा निसटू नये म्हणून बोट राखेत बुडवलं आणि पहिल्या दोन टोकांना पीळ दिला.