फ्लेश टिंटची ट्यूब

ऑइल रंगांत घालायच्या टर्पेंटाइनचा वास आला की मी आजही हात धुऊन घेतो.

बाबा मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो सापडला. दसऱ्याला मशीनपूजेत काढलेला, पोस्टकार्डाएवढा, ब्लॅक अँड व्हाइट. "वर्षश्राद्धाक माका रंगीत होयो," आई म्हणाली. माझी चित्रकला बरी होती. मी छाती काढून सांगितलं, ऑइलमध्ये मीच काढतो.

मागच्या इमारतीत एक मास्तर दर रविवारी ऑइल पेंटिंग शिकवायचे. शिकवायचे कसलं, सगळ्यांना एकच जुनं विलायती चित्र कॉपी करायला लावायचे. लढाईत मेलेला वीर, त्याला उचलणारे उघडेबंब पुरुष, पायाशी रडणाऱ्या बायका. त्या छापील चित्रावर चौकोन आखलेले होते. आपल्या कॅनव्हासवर तेवढेच चौकोन आखायचे आणि एकेक भरत जायचं. मास्तर अंगठ्याला थुंकी लावून माझ्या ओल्या रंगावर फिरवायचे, मग त्याच हाताने वडा मोडून अर्धा मला द्यायचे. मी तो खायचो, हे जास्त किळसवाणं.

"सर, अंगाचा रंग कसा मिसळायचा?" मी पहिल्याच रविवारी विचारलं.

"मिसळायचा कशाला? ट्यूब आहे ना! अंगाला फ्लेश टिंट, सावलीला थोडा ब्राऊन. डोकं नको चालवू रे, हात चालव."

त्या ट्यूबमधून सोललेल्या कोंबडीसारखा गुलाबी गोळा बाहेर यायचा. वर्षभर मी तो पाठी, पोटं, मांड्यांवर थापला. आणि खोटं कशाला बोलू, मला ते झकास जमत होतं. नव्या पोरांना मास्तर माझंच चित्र दाखवायचे, तेव्हा मी फुगायचो.

श्राद्धाला दहा दिवस उरले तेव्हा बाबांचं चित्र काढायला घेतलं. शिकल्याप्रमाणे आधी चौकोन. गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उठेना, म्हणून बॉलपेन घेतलं आणि पट्टी लावून बाबांवर रेघा ओढल्या. मग अंगाला फ्लेश टिंट, सावलीला ब्राऊन.

आदल्या दिवशी आईला दाखवलं. तिने ते उजेडाकडे वळवलं.

"हो कोण रे?"

मी काहीतरी प्रकाशाबद्दल बोलायला लागलो. तिने माझं मनगट धरलं आणि हात कॅनव्हासशेजारी नेला. बाबांसारखाच काळा हात, त्याच्यावर कोपरापर्यंत गुलाबी डाग.

"तुज्या बापाशीचो रंग हो. हय बघ."

वर्षभर हाच हात डोळ्यांसमोर हलत होता आणि मी ट्यूब पिळत बसलो होतो. मास्तरांचा राग आला, पण स्वतःची शिसारी आली ती त्याहून जास्त. मी ते चित्र पलंगाखाली सारलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर फोटोच लागला. निळ्या रेघा बाबांच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, ओठांवरून गेल्या होत्या. आईने हार जरा खाली ओढून बघितला, तरी त्या झाकल्या नाहीत. जेवायला बसलेल्या एका पाहुण्याने विचारलंच, "फोटोचा ह्या काय झाला?"

"माज्या झिलान रंगीत करूक घेतल्यान," आई म्हणाली, अगदी लेकाच्या कौतुकाने.

मी तेव्हा त्याच हाताने त्या पाहुण्याच्या पानात भात वाढत होतो.