समाधानी गिऱ्हाईक

इंदापुरातल्या खताच्या दुकानाची रील उघडा नाहीतर बारामतीच्या नव्या मिसळीची, तृप्त गिऱ्हाईक म्हणून एकच म्हातारा दिसतो. पांढरी टोपी, मिशीवरून फिरणारं बोट आणि ठरलेलं वाक्य, "मी सोता वापरलंय!" साड्यांच्या रीलमध्येसुद्धा हेच. मला त्याचा भयंकर संताप यायचा.

पण आमच्या फाट्यावर बस थांबत नव्हती. कॉलेजच्या मुली नुसत्या हात करत राहायच्या, एकीची तर परीक्षा बुडाली. मी तीन पत्रकं काढली. लोकांनी त्यांत भजी खाल्ली. शेवटी नाक मुठीत धरून त्याच म्हाताऱ्याला फाट्यावर आणलं.

"आबा, एकदा तरी खरं बोला. आणि चिडून बोला!"

"चिडायचं जमणार न्हाय, ताई. चिडक्या माणसाचं ऐकायला कोण थांबतंय?"

मी मोबाईल धरला. आबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "हितं बस थांबत न्हाय! मी सोता दोन तास उभा ऱ्हायलोय. एकदम खात्रीशीर! सहकुटुंब या, अवश्य भेट द्या!"

मी कपाळावर हात मारला, तरी रील टाकली.

सोमवारी न थांबणारी बस बघायला माणसं खरंच आली, पोराबाळांसकट. रस्ता इतका भरला की बसला थांबावंच लागलं. मुली चढल्या.

एक पाहुणा माझ्यावर खेकसला, "डाळजवरनं आलोय आमी! आन् ही तर थांबली. फसवता व्हय लोकांना?"

खोट्या जाहिरातीचा आरोप माझ्यावर झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला राग आला नाही.