शेवटच्या रांगेतला फोन

भूत, करणी, भानामती — ही रिकामटेकड्यांची कामं, असं मी जन्मभर म्हणत आलो. आजही म्हणतो. या भुताटकीच्या ग्रुपवर लिहिणारे निम्मे लोक झोपेत घाबरतात आणि सकाळी उठून लिहून काढतात. मी चौथीपर्यंतच शिकलोय, पण जे कानाने ऐकलं तेवढंच लिहितोय. पटत नसेल तर पुढे वाचू नका.

मी शिरपूरकडचा. सिल्वासाला येऊन तीस वर्षं झाली. राहायला आमलीत, कामाला राखोलीला, सूत रंगवायच्या कारखान्यात. गेट माझं. आतला रस्ता एवढा अरुंद की एक कंटेनर शिरला की बाजूने सायकलही निघत नाही. म्हणून कोण आधी, कोण मागे, ते मी ठरवतो. शेठची गाडी, मग केमिकलचा टँकर, मग माल, भंगारचा टेम्पो शेवटी. पण आतून कोणी जखमी येत असेल तर शेठलाही बाजूला घेतो. घेतलंय एकदा.

मधे पुण्याचा केदार नावाचा इंजिनियर आला. फोन, कॅमेरे, कॉम्प्युटर, सगळं त्याने एकाच वायरीवर टाकलं. मधे एक डबा, त्याला स्विच म्हणतात. मला म्हणाला, नाना, तुम्ही गेटवर करता तेच हा डबा करतो, गर्दी झाली की कोणाला आधी सोडायचं ते बघतो. मी विचारलं, मग माझा फोन कितव्या रांगेत? तो नुसता हसला. ऑफिसने त्याला हुद्द्याप्रमाणे यादी दिली होती... साहेबांचे फोन पहिले, मग कॅमेरे, आणि गेट अन् रंगखातं शेवटी. म्हणजे मला भंगारच्या टेम्पोत बसवलं. तेव्हापासून माझ्या फोनवर आवाज तुटत यायचा, अर्धा शब्द आता, अर्धा मग. तक्रार केली तर म्हणे, नाना, कान तपासून घ्या.

त्या दिवशी दुपारी पावणेतीनला गेटवर कंटेनर उभा होता. माल जहाजाला जायचा, मॅनेजर सकाळपासून डोकं खात होता. मी गेट उघडणार तेवढ्यात फोन वाजला. रंगखात्यातला रामदास, आमच्याच तालुक्याचा, मधेच अहिराणी बोलणारा. आवाज इतका स्वच्छ, शेजारच्या खुर्चीत बसून बोलावा तसा.

"नाना, गेट मोकळं ठेवा. संतोष पडी गया."

संतोष त्याच्याच खात्यातला. मग एकदा खोकला. फोन बंद.

मी लगेच उलटा फोन लावला. आवाज नेहमीसारखा फाटका. रामदास म्हणाला, मी कुठे फोन केला? संतोष हा काय, समोर चहा पितोय.

शहाण्या माणसाने कंटेनर आत घेतला असता. मी नाही घेतला. माझा कान मला खोटं सांगत नाही. ड्रायव्हरला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली आणि गेटला कुलूप घातलं. मॅनेजर धावत आला. ड्रायव्हर-क्लीनरच्या देखत म्हणाला, "म्हाताऱ्या, चावी दे आणि घरी जा." मी चावी खिशात टाकली. म्हटलं, पंधरा मिनिटं थांबा, मग खुशाल काढून टाका.

तो माझ्या खिशाला हात घालणार, इतक्यात फोन वाजला. रामदासच. आवाज तुटत होता — गेट मो... ठेवा, सं... पडी गया. आणि तोच खोकला.

संतोष टाकीच्या शिडीवरून डोक्यावर पडला होता. मी कुलूप काढलं. कारखान्याची ॲम्ब्युलन्स मागच्या शेडमधून निघाली ती सरळ बाहेर. कंटेनर आत असता तर तो काढण्यातच अर्धा तास गेला असता. संतोष वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही हाती लागलं नसतं.

शाबासकी मिळाली असेल असं वाटतंय तुम्हाला? चौकशी लागली. तुला आधी कसं कळलं, तुझं आणि रामदासचं काय ठरलं होतं... मग ऑफिसने एक कागद टाईप केला: मला भास झाला. सही कर, नाहीतर गेट सोड. मी सही केली नाही.

केदारने कॉम्प्युटर उघडला. त्यात आमच्या दोघांतले दोनच कॉल. मी उलटा लावलेला, आणि नंतर तीनला रामदासने केलेला. पहिला नाहीच. मी म्हटलं, मग मी उलटा फोन लावला कशाला? तेव्हा त्याचं हसू गेलं. यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासली.

"नाना, त्या रांगेतून आवाज उशिरा येतो. आधी येऊ शकत नाही."

हे मला शिकवतो! मी गेटवाला आहे. मागची गाडी मी पुढे घेऊ शकतो. पण जी गाडी अजून निघालीच नाही, ती दारात कशी उभी राहील?

 उत्तर तुमच्याकडे असेल तर लिहा. पण 'नाना, भास झाला असेल' असं लिहायचं असेल, तर ते आधी संतोषच्या बायकोला सांगून या.

कागद ऑफिसात माझ्या सहीची वाट बघतोय. खुर्ची मी सोडलेली नाही. केदारने कोणाला न विचारता माझा फोन पहिल्या रांगेत टाकलाय. आवाज आता स्वच्छ येतो... पण वेळेवरच येतो. तरी फोन वाजला की मी आधी आतला रस्ता मोकळा आहे का बघतो, आणि मगच उचलतो.