खालच्या मजल्यावरचा ट्रॅक

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो आणि ती खोड घरीही सुटत नाही. त्यामुळे आमच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बायकोचे ड्रम्स रेकॉर्ड करायचं ठरलं, तेव्हा मी आधी चेकलिस्ट केली.

तिच्या पुण्यातल्या कॉलेजच्या बँडने इतक्या वर्षांनी एक गाणं करायचं काढलं होतं. ज्याने त्याने आपापल्या घरून वाजवून रविवारपर्यंत पाठवायचं. बायकोने सहा वर्षांत ड्रमला हात लावला नव्हता. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘तुला नाही जमलं तर कॉम्प्युटरचे ड्रम्स घालू.’ ती दोन दिवस डायनिंग टेबल चमच्यांनी बडवत होती.

एचएसआर लेआउटमधल्या मित्राचा ड्रम सेट शनिवारी एक वाजेपर्यंतच मिळणार होता. सोसायटीने आवाजाला अकरा ते बारा एवढा वेळ दिला. मी गाद्या भिंतीला उभ्या केल्या आणि आठ माइक लावले. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, म्हणजे नंतर हवा तो आवाज कमी-जास्त करता येतो. दोनदा ती चुकली. तिसऱ्यांदा तिने असं वाजवलं की मी लॅपटॉप सोडून तिच्याकडेच बघत राहिलो.

सेट गेला, जेवणं झाली आणि मी रेकॉर्डिंग उघडलं. सात ट्रॅक भरलेले, आठवा कोरा! पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ट्रॅकचं लाल बटण मी दाबलंच नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! बाकीच्या माइकमध्ये तो ड्रम लांबून, मेल्यासारखा ऐकू येत होता.

“ठीक आहे,” बायको म्हणाली. “घालू देत कॉम्प्युटरचे.” ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या अक्का. त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या कानडी मुलखातलंच, त्यामुळे बोलण्यात कानडी शब्द.

“अय्यो, काय ओ ते धप्प धप्प? माझा फॅन हालत होता! मी पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड केलंय, असोसिएशनला दाखवणार.”

त्यांनी फोनवर पुरावा ऐकवला. स्लॅबमधून बाकी सगळं गळून गेलं होतं आणि खाली पोचला होता फक्त मोठा ड्रम, ठोक्याला ठोका. मी अक्कांच्या पाया पडायचाच बाकी होतो. गोंधळून त्या म्हणाल्या, “सरी, घ्या की. पण पुढच्या वेळी स्वल्प हळू.”

संध्याकाळपर्यंत आम्ही तो आठवा ट्रॅक जुळवला. खणखणीत नव्हता, पण तिच्याच पायाचा होता. वाजवणं संपल्यावरही अक्कांचा फोन चालूच राहिला होता. आधी कुकरची शिट्टी आणि मग त्यांचा स्वतःशीच पुटपुटलेला आवाज: “वाजवते मात्र छान हं, पोरगी.”

मी तो तुकडा कापायला गेलो, तर बायकोने माझा हात धरला.

“राहू दे ते,” ती म्हणाली. “आज एवढं एकाच माणसाने म्हटलंय.”

तिसरा टेक संपल्यावर मी काय म्हणालो होतो, ते मला तेव्हा आठवलं. मी म्हणालो होतो, “शेवटी जरा घाई झाली.”