फिलोमीनताईचं बिनकुंपणाचं शेत

ब्रोम गवत मुळापासून काढणं हे खांब पुरण्यापेक्षा वाईट काम आहे. खांब एकदा पुरला की पुरला. ब्रोमच्या मुळाचा बोटभर तुकडा मातीत राहिला की पुढच्या उन्हाळ्यात तिथे पुन्हा गवत. मी हयातभर आमच्या रिझर्व्हेशनवर, म्हणजे अमेरिकेत आम्हा मूळच्या लोकांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, कुंपणं घातली. माझी चुलतबहीण फिलोमीन रेडशॉल हिने एका शेतात जेवढी मेहनत केली, तेवढी मी पगार घेऊनही केली नसती.

शेत तिच्या आईच्या वाट्याचं. ताई लहान असताना ते एका गोऱ्या शेतकऱ्याला भाडेपट्ट्याने गेलं. त्याने नांगर घालून मूळचा माळ उलथला, गहू काढला, जमीन थकल्यावर ब्रोम पेरून गुरं सोडली. पट्टा संपला तोवर ताईचे केस पिकले होते. नवा पट्टा तिने केला नाही.

"इथे आई तिंपसिला खणायची," ती म्हणाली. "इथे पुन्हा तिंपसिला होणार."

तिंपसिला हा आमचा कंद. कोंबडीच्या अंड्याएवढा, वीतभर खोल, तोही दगडासारख्या मातीत. साल ओढली की आत पांढराफेक. मुळांच्या शेपट्यांची वेणी घालून वाळवायचा आणि मांसाबरोबर शिजवायचा. रस्त्यालगतच्या टेकड्यांवरचा कंद विकणाऱ्यांनी कधीच खणून संपवला होता. नांगरलेल्या जमिनीत तर तो आपणहून परत येतच नाही.

ताई आणि तिचा मुलगा लेलंड दर वसंतात ब्रोम जाळायचे, मग उरलेलं खणून काढायचे. दूरच्या टेकड्यांवरून बी आणायचे. त्या बियांचं कवच इतकं टणक की एकेक बी सँडपेपरवर घासावं लागतं, नाहीतर ते मातीत नुसतं पडून राहतं. ताई टेबलाशी बसून घासायची. बोटांची कातडी जायची. पहिल्या वर्षी रोप नखाएवढं. फूल यायला कितीतरी वर्षं. मध्ये, ज्याचं मूळ आम्ही दातदुखीवर चघळतो ते माळावरचं जांभळं फूल आपणहून परत आलं, तेव्हा ताई त्याच्यापाशी बसून राहिली होती.

ताईची नणंद वर्नेल गाडीतून उतरायची ती चिडवतच. आमच्यात नणंदा-भावजयांनी एकमेकींना चिडवायचं असतंच, पण वर्नेलचं बोलणं जरा जास्तच लागायचं.

"वहिनी, ओळीत उभी असलेली तिंपसिला मी जन्मात पाहिली नव्हती. शाळेत घातलंस की काय त्यांना?"

"तू घातली असतीस तर पळून गेली असती," ताई म्हणायची.

मी तिला म्हणालो होतो, "ताई, खांब माझ्याकडे पडलेत. तार आहे. दोन दिवसांत कुंपण घालून देतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी तिच्या ताटात थुंकलोय. "खायच्या वस्तूला कुंपण? ऑर्विल, मी मेल्यावर लोक काय म्हणतील? चिकट बाई होती म्हणतील."

आमच्या लोकांत याहून वाईट काही म्हणता येत नाही. मी विषय सोडला.

मग लेलंडचा ट्रक उलटला. तो गेला. ताईची मूत्रपिंडं आधीच गेली होती. आठवड्यातून तीनदा पहाटे व्हॅन यायची, शहरात नेऊन रक्त धुऊन आणायची, परत यायला संध्याकाळ. मधल्या दिवशी ती शेतात. बसून सरकत सरकत खुरपायची. पाणी मी आणून द्यायचो.

लेलंड गेल्याच्या पुढच्या वसंतात पहिल्यांदाच सगळ्या ओळी फुलावर आल्या.

"जुलैत बी पिकेल," ती म्हणाली. "मग देठ मोडतील, वारा त्यांना लोळवत नेईल. बाकीचं शेत वारा पेरेल. मला आता घासणं होत नाही, ऑर्विल. हे एवढं एकदा पिकू दे, मग माझं काम नाही."

दुसरं बी आणायला दूरच्या टेकड्या चढणं तिला शक्य नव्हतं. हे एवढंच होतं.

जूनमध्ये लेलंडला वर्ष व्हायचं होतं. वर्षाला सगळ्या गावाला जेवण घालायचं, वस्तू वाटायच्या, मगच घरच्यांनी डोळे पुसायचे. आदल्या आठवड्यात मी पाण्याचं पिंप घेऊन शेतावर गेलो. व्हॅनचा दिवस होता, ताई शहरात. शेताच्या कडेला गाड्या उभ्या होत्या. वर्नेल, तिच्या मुली, सुना, सगळ्यांच्या हातात पहारी. शेवटची ओळ चालू होती.

काम चोख होतं, ते मान्य केलं पाहिजे. एकही कंद तुटलेला नाही. आणि रीतीप्रमाणे प्रत्येक खड्ड्यात कापलेला शेंडा परत ठेवून वर माती थापलेली. बी तिथेच पडावं म्हणून आमच्या आज्या तसं करायच्या.

"वर्नेल, थांब," मी म्हणालो. "बी हिरवं आहे."

"शेंडे परत ठेवलेत ना? का आता तू मला खणायला शिकवणार? कुंपणवाला तू!"

मुली हसल्या.

"हिरवं बी रुजत नाही. एवढी ओळ तरी ठेव."

तिने पहार टेकवली. चेहरा घामाने भिजला होता. "माझ्या भावाचा पोरगा आहे तो. त्याच्या जेवणात गोऱ्यांचे बटाटे घालू? वहिनीच्या हातची तिंपसिला असताना? सगळं गाव म्हणेल, आई असावी तर अशी. आणि सूप कमी पडलं तर तू येशील लोकांना तोंड दाखवायला?"

पहार पुन्हा मातीत गेली.

संध्याकाळी व्हॅन आली. ताईच्या ओसरीवर, या खांबापासून त्या खांबापर्यंत, पांढऱ्या वेण्या टांगलेल्या. बायका ओळीने उभ्या, हात मातीचे, चेहऱ्यावर आनंद. ताई पायरीशी थांबली. वेण्यांकडे पाहिलं, मग शेताकडे. हाताला सुयांची पट्टी तशीच होती.

मृताच्या नावाने कुणी काही केलं तर नाही म्हणता येत नाही. रागावता तर येतच नाही. ताई एकेकीपाशी गेली. प्रत्येकीचा हात हातात घेतला.

"खूप कष्ट घेतलेत," ती म्हणाली.

"मग काय!" वर्नेल म्हणाली. "तुझ्यासारखं बसून खणतो की काय आम्ही?"

ताई हसली. हसावंच लागतं.

जेवणाच्या दिवशी तिने स्वतः पळीने सूप वाढलं. डॉक्टरांनी तिला कंद खायला मनाई केली होती, त्यामुळे तिच्या तोंडात त्यातलं काही गेलं नाही. लोक डबे भरून घरी घेऊन गेले. एक म्हातारा म्हणाला, "लहानपणानंतर आज अशी चव लागली." ताईने त्याला आणखी वाढलं. वाटायच्या वस्तूंत तिने आपली पहार काढून दिली, आणि सँडपेपरचा डबाही. डब्याचं काय करायचं ते घेणाऱ्याला कळेना.

जुलैत वारा सुटला. खड्ड्यांत ठेवलेले शेंडे वाळले होते. ते उपसले गेले आणि लोळत लोळत शेतभर गेले, जसे जायला हवे होते तसेच. वर्नेल ओसरीवर बसली होती. ती टाळ्या वाजवून म्हणाली, "बघ गं वहिनी, सगळीकडे पेरतंय! आणि हा कुंपणवाला मला शिकवत होता."

एक शेंडा पायरीशी अडकला. ताईने वाकून उचलला, शेंग तळहातावर चुरडली. नुसता भुसा. तिने हात झटकला.

"हो," ती म्हणाली, "छान पेरतंय."

वर्नेल गेल्यावर ती मला म्हणाली, "तुझे खांब अजून आहेत का?"

"आहेत."

"घाल कुंपण."

"आता कशाला, ताई? आत काय आहे?"

"काही नाही म्हणूनच. आता कुणाला वाईट वाटणार नाही."

मी घातलं. कोपऱ्याचे खांब कमरेएवढे खोल, तार ताणून बोटाने वाजेल अशी. ताई खुर्ची टाकून बघत बसली होती. एक खांब तिरका आहे म्हणाली. मी तो उपटून पुन्हा पुरला.

हिवाळ्यात एका पहाटे व्हॅन आली आणि ती दार उघडायला आली नाही. वसंतात मी तारेपाशी उभा राहिलो. कुंपण सरळ होतं. आत कडेपासून कडेपर्यंत ब्रोम आलं होतं, गुडघ्याएवढं.